बाटलीवरचं नाव आणि नाकाची साक्ष : खानदेशच्या रोशा तेलाचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी फोन केले. ‘सर, आयुष्यभर न्यायदर्शन शिकवलंत, आणि आता सेंटवर बोलणार?’ हो, बोलणार. आणि न्यायदर्शन सोडून बोलणार नाही, याची खात्री बाळगा. (हशा)

त्याचं झालं असं. दोन महिन्यांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आखातात नोकरीला असतो. त्यानं एक बाटली पुढे ठेवली. पुरुषांसाठीचं उंची सेंट. अशा वासाला त्या धंद्यात ‘वुडी-स्पायसी’ म्हणतात, म्हणजे लाकूड आणि मसाला यांचा मेळ. नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात नको. किंमत मात्र सांगतो: दीड क्विंटल कापूस विकून जे हातात येईल, साधारण तेवढी. मी म्हटलं, ‘अरे, माझ्या धोतराला हे शोभतं का?’ तर म्हणाला, ‘सर, तुम्ही आमच्या परीक्षा घेतल्या. आता हिची घ्या. पैसे वसूल आहेत का ते सांगा.’ आजचं व्याख्यान म्हणजे त्याला दिलेलं उत्तर आहे, जरा लांबलेलं.

न्यायशास्त्रात कुठल्याही गोष्टीच्या विचाराच्या तीन पायऱ्या वात्स्यायनानं सांगितल्या आहेत. उद्देश, लक्षण आणि परीक्षा. उद्देश म्हणजे वस्तूचं नाव घेणं. लक्षण म्हणजे ती इतरांपासून वेगळी कशी ते सांगणं. आणि परीक्षा म्हणजे सांगितलेलं लक्षण वस्तूला खरोखर लागू पडतं का ते तपासणं. आता सेंटचं खोकं बघा. नाव मोठ्या अक्षरात. मग लक्षण: मिरी, देवदार, वाळा. परीक्षा? ती खोक्यात मिळत नाही, ती आपण करायची असते. आणि आपण काय करतो? दुकानात मनगटावर एक फवारा, एकदा नाक लावलं, ‘वा!’, आणि पैसे मोजले.

मी घाई केली नाही. सकाळी आंघोळीनंतर डाव्या मनगटावर थोडं लावलं आणि शेजारी घड्याळ ठेवलं. पहिली पंधरा-वीस मिनिटं संत्र्याची साल आणि ताजी कुटलेली काळी मिरी. झणझणीत, छान. लिंबू-संत्र्याच्या वासाचे कण हलके, ते आधी उडतात. मग मधला वास उमलू लागला. थोडा गुलाबासारखा, पण गुलाब नव्हे. त्याला गवताची हिरवी कड होती. मला ओळखू येईना. तेवढ्यात आमची अक्का आत आली. वय ८१. तिनं माझा हात धरला, नाकाशी नेला आणि म्हणाली, ‘हाऊ ते आजीना गुडघासना वास शे!’ (हशा)

हसू नका. अक्काची साक्ष खरी निघाली.

आमच्या आजीचं माहेर साक्री तालुक्यातलं, पिंपळनेरच्या बाजूचं. थंडीत तिचे गुडघे धरायचे. मग एका लहानशा बाटलीतलं रोशाचं तेल काढून ते चोळायचं, हे आम्हा नातवंडांचं काम. रात्रभर घरभर तोच वास. रोशा म्हणजे डोंगरउतारावर वाढणारं उंच गवत. कुणी त्याला रोहिष म्हणतं, कुणी तिखाडी. पान चुरगाळलं की हाताला वास लागतो. मी बाटलीचं खोकं पुन्हा काढलं, भिंग घेतलं आणि बारीक अक्षरातली यादी वाचली. त्यात एक शब्द होता: जेरानिऑल. २००५ मध्ये युरोपात असा नियम लागू झाला की त्वचेला त्रास देऊ शकणारी २६ ठरावीक गंधद्रव्यं विशिष्ट प्रमाणापेक्षा जास्त असतील, तर त्यांची नावं खोक्यावर छापायची. त्यातलं हे एक. आणि आमच्या रोशाच्या तेलातला, चांगल्या प्रतीत तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग, म्हणजे जेरानिऑलच. गुलाबातही ते असतं.

आता आपल्या इतिहासाकडे येतो. पारोळ्याचा इतिहास म्हटलं की आपण किल्ल्यावर जातो. १७२७ सालचा किल्ला, तांबे घराणं, झाशीची राणी. दगडाचा इतिहास उभा राहतो, दिसतो. वासाचा इतिहास उडून जातो. पण थोडा कागदावर उरला आहे. १८८० साली इंग्रज सरकारनं खानदेश जिल्ह्याचं गॅझेटिअर छापलं. तेव्हा जळगाव, धुळे, नंदुरबार असे वेगळे जिल्हे नव्हते, सगळा एकच खानदेश. त्यात रोशा तेलाच्या धंद्याची नोंद आहे. आधी पिंपळनेरची बाजू, मग नंदुरबार, शहादा, तळोदा. पावसाळा सरला की फुलोऱ्यावर आलेलं गवत कापायचं, मोठ्या हंड्यात पाण्याबरोबर भरायचं, झाकणाचे सांधे लिंपायचे आणि खाली जाळ लावायचा. वाफ नळीतून थंड भांड्यात उतरली की पाण्यावर तेल तरंगतं. गवताच्याही दोन जाती. मोतिया आणि सोफिया. मोतियाचं तेल गुलाबी, गोड. सोफियाचं उग्र, आल्याच्या अंगाचं. गवत हातात घेऊन दोन्हीतला फरक सहज कळत नाही, नाकाला कळतो.

हे तेल जायचं कुठे? मुंबईला. तिथून जहाजानं तांबड्या समुद्राकडे, अरबस्तानात, आणि पुढे तुर्कस्तानात इस्तंबूलला. तिथे त्याचं नाव झालं ‘इदरिस यागी’. लिंबाचा रस घातलेल्या पाण्यात ते घुसळायचे, उन्हात ठेवायचे, म्हणजे गवताची उग्र कड कमी होई. आणि मग? मग ते गुलाबाच्या अत्तरात मिसळायचे. त्या काळी बल्गेरिया तुर्की अमलाखाली होता आणि तिथलं कझानलिक हे गुलाबतेलाचं मोठं ठाणं. एक किलो गुलाबतेलाला तीन-चार हजार किलो फुलं लागतात. म्हणून मोह मोठा. कधी तेल तेलात मिसळायचे, तर कधी भट्टीत घालण्याआधीच पाकळ्यांवर शिंपडायचे.

थोडक्यात, पॅरिस-लंडनच्या रुमालावरचा ‘अस्सल गुलाब’ कित्येकदा आपल्या सातपुड्याच्या पायथ्याचं गवत होता. युरोपच्या बाजारात या तेलाला ‘तुर्की जेरेनियम’ असंही नाव होतं. बघा गंमत: ते तुर्कस्तानात पिकत नव्हतं आणि जेरेनियमच्या झाडाशी त्याचा काही संबंध नव्हता. नावातले दोन्ही शब्द चूक! आमच्या भाषेत सांगायचं तर उद्देशच खोटा, मग लक्षणाचं काय घेऊन बसलात.

आणि आपण फार सोवळे होतो असंही समजू नका. रोशा तेलात टर्पेंटाईन, शेंगदाण्याचं तेल, जवसाचं तेल मिसळण्याचे प्रकार इथेही चालत, अशी तक्रार त्या काळच्या औषधीशास्त्राच्या ग्रंथांत नोंदलेली आहे. म्हणजे भेसळीच्या मालात पुन्हा भेसळ. म्हणून व्यापाऱ्यांनी परीक्षेच्या रीती शोधल्या. गुलाबाच्या तेलात मेणासारखा एक अंश असतो, थंडी लागली की ते तेल गोठतं. रोशाचं तेल तसं गोठत नाही. तेव्हा बाटली थंड करायची आणि कोणत्या उष्णमानाला स्फटिक धरतात ते बघायचं. नाकाचं प्रत्यक्ष फसलं, म्हणून अनुमानाचा आधार घेतला. मी वर्गात प्रमाणं शिकवताना धूर आणि अग्नीचंच उदाहरण देत राहिलो. हे ठाऊक असतं तर हेच दिलं असतं.

१८७१ साली ऑस्कर याकोबसेन नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं भारतातून आलेल्या याच जातीच्या गवताच्या तेलातून तो मुख्य घटक शुद्ध रूपात वेगळा काढला. जेरेनियम गवताचं तेल, म्हणून नाव ठेवलं जेरानिऑल. आज सेंटमध्ये पडणारं जेरानिऑल बहुतेक कारखान्यात बनतं. तेव्हा माझ्या बाटलीत खानदेशचं गवत आहे असा दावा मी करत नाही. पण तो शब्द जन्मला तो आपल्याकडच्या गवतामुळे, आणि त्यात आपल्या गवताचं नाव नाही.

आता जरा तत्त्वज्ञान, फार नाही. आमचे नैयायिक गंधाबाबत मोठे काटकसरी. रस सहा मानले, रूपं सात मानली, आणि गंध? फक्त दोन. सुरभी आणि असुरभी. चांगला आणि वाईट, संपलं! मात्र गंध हा पृथ्वीचा खास गुण, तो दुसऱ्या कुठल्याही द्रव्यात नाही, असंही त्यांनी ठामपणे सांगितलं. २००६ मध्ये एर्मेस या फ्रेंच कंपनीनं झाँ-क्लोद एलेना या गंधकाराकडून पुरुषांसाठी एक सेंट करवून घेतलं. लाकूड, मिरी, वाळा याच घराण्याचं, आणि नाव ठेवलं ‘टेर द’एर्मेस’. टेर म्हणजे माती, पृथ्वी. अन्नंभट्ट असते तर म्हणाले असते, आम्ही हेच सांगत होतो. (हशा)

पण नैयायिकांनी दोनवर थांबवलं, तरी गंध करणाऱ्यांनी थांबवलं नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीचा अध्याय आहे. १६ द्रव्यांतून चार-चार निवडली तर १,८२० प्रकार होतात, हा हिशेब त्यात आहे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासात राजाच्या उटण्यांचा आणि धुपांचा तपशील आहे. आणि भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी ‘गंधसार’ आणि ‘गंधवाद’ या ग्रंथांचं हस्तलिखित उजेडात आणलं. त्यातल्या गंधवादावर मराठी टीका आहे. मराठीत, मंडळी! कुणीतरी मराठी माणूस बसून गंध कसा घडवावा हे आपल्या भाषेत समजावत होता. म्हणजे गंधाची परीक्षा हा आपल्याकडे चैनीचा विषय नव्हता, शास्त्राचा होता.

बाटलीवर आणखी एक लक्षण छापलेलं होतं: ‘पुरुषांसाठी’. याचीही परीक्षा करू. आपल्या लग्नात मांडवाच्या दाराशी अत्तर लावतात ते पुरुषांनाही. गुलाबाचं लावतात, मोगऱ्याचं लावतात. कुणी हात मागे घेत नाही. गुलाब बायकी आणि लाकूड मर्दानी ही वाटणी मुख्यतः गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांतली, युरोपच्या बाजारातली. आमच्या पिढीतल्या पुरुषांचा आवडता वास म्हणजे दाढीनंतरचा ओल्ड स्पाइस. तो मसाल्याचा वास १९३७ मध्ये आधी बायकांसाठी बाजारात आला. पुरुषांसाठीची बाटली आली पुढच्या वर्षी, १९३८ मध्ये. तेव्हा नाकात असं काही स्त्री-पुरुष नसतं. असतं ते लेबलात.

आणि ‘वुडी’ म्हणजे तरी काय? चंदन महाग झालं, तेव्हा प्रयोगशाळांनी लाकडासारखा वास देणारे रेणू घडवले. १९७० च्या दशकात आलेला ‘आयसो ई सुपर’ आज अशा कितीतरी बाटल्यांत असतो. त्यात झाड नसतं. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. चंदनाची झाडं वाचत असतील तर चांगलंच. पण देवदाराचं चित्र छापलं म्हणजे आत देवदार आहे, असं अनुमान करू नका. हेत्वाभास होईल.

आता निकाल. तिसऱ्या तासानंतर त्या बाटलीतला वाळा लागला. कोरडा, मुळांचा, मातीचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारल्यावर येतो तसा. संध्याकाळपर्यंत तो सदऱ्याच्या बाहीवर राहिला. कुठे जळका झाला नाही, कुठे साबणासारखा झाला नाही. तीन टप्पे, आणि एकातून दुसऱ्यात जाताना सांधा दिसला नाही. हे करणाऱ्याचं कसब मानलं पाहिजे. कांटनं १७९० मध्ये तक्रार केली होती की कुणी सुगंधी रुमाल काढला की आजूबाजूच्यांना नको असताना तो वास घ्यावा लागतो. आपल्या एसटीत ते पटतं. पण हे सेंट त्या जातीचं नव्हतं. जवळ आलेल्यालाच कळत होतं.

म्हणून विद्यार्थ्याला मी कळवलं: वस्तू उत्तम आहे. दहापैकी आठ गुण. मात्र तू जे पैसे दिलेस, त्यातले बरेचसे नावाचे आणि काचेचे आहेत. वासासाठी तेवढे पडत नाहीत. पुढच्या वेळी आधी हातावर लाव, दुकानातून बाहेर पड, चहा पी, तीन तासांनी परत हुंग. तरीही हवंसं वाटलं तर घे. आणि एका वेळी तीन-चारपेक्षा जास्त हुंगू नकोस, नाक दमतं.

त्यानं फोनवर विचारलं, ‘सर, दोन गुण कशाचे कापले?’ मी म्हटलं, एक गुण ‘पुरुषांसाठी’ या खोट्या लक्षणाचा. आणि दुसरा खरं तर त्या बाटलीचा नाही, आपला. दीडशे वर्षांपूर्वी आपल्या डोंगरातलं तेल दुसऱ्याच्या नावावर जगात फिरलं. ते गवत कापणारे, रात्रभर भट्टीपाशी बसणारे हात कुणाचे होते, ते कुठल्या खोक्यावर आलं नाही. आजही ते तेल बाजारात ‘पामारोझा’ म्हणून ओळखलं जातं. आपल्या पोरांना रोशा शब्द माहीत नाही. आपली वस्तू आपल्याच नावानं ओळखायची, हा उद्देशाचा पहिला धडा. तो आपण गाळला.

बाटली सध्या अक्काकडे आहे. ती रोज थोडं लावते. मनगटाला नाही, गुडघ्यांना. मी तिला सांगितलं, अगं, त्यात बहुतेक अल्कोहोल आहे, गुडघे राहणार नाहीत. तर म्हणाली, ‘वास तर आजीचाच आहे ना?’ पिंपळनेरच्या बाजूचं कुणी इथे असेल आणि घरी अजून रोशाचं तेल येत असेल, तर व्याख्यानानंतर मला जरूर भेटा. एक बाटली हवी आहे. त्यावर नाव मी स्वतः लिहीन.

आता तुमचे प्रश्न घेऊ.