ह्यूमसाहेबाचं घुबड

डिसेंबर 1897 चा शेवटचा आठवडा. तुम्ही दमणीत बसला आहात आणि अमरावतीची पहाटेची थंडी घोंगडीतून आत शिरते आहे. सोबत दोघे मित्र. एक इथलेच शाळामास्तर, दुसरे काल बडनेऱ्यावरून आलेले अकोल्याचे वकीलसाहेब. काँग्रेसचं तेरावं अधिवेशन यंदा अमरावतीत आहे. दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष, मद्रासचे शंकरन नायर अध्यक्ष. टिळक तुरुंगात, मुंबई-पुण्याला प्लेग. बोलायला विषय भरपूर. पण मास्तर म्हणाले, “सभा दुपारी ऐकू. आधी तलावावर चला, पाखरं उतरलीत.”

छत्री तलाव 1888 चा, म्हणजे अजून नवाच, शहराला पाणी पाजायला बांधलेला. दुर्बीण एकच, वकीलसाहेबांची. ती नाटकाची, पण चालते.

थापट्या बदकांची जोडी काठाजवळ आली आहे. चोच चमच्यासारखी चपटी, ती पाण्यात अर्धी बुडवून दोघं एकमेकांमागे गोल फिरताहेत. पुढच्याच्या पायांनी जे ढवळून वर येतं, ते मागचा गाळून घेतो. जरा पलीकडे काळे वारकरी पक्षी, कपाळावर पांढरा टिळा. त्यांना उडायचं झालं की आधी पाण्यावरून धावावं लागतं. मधोमध चक्रवाकांची तांबूस जोडी. ही लडाख-तिबेटकडून आलीत, असं तुम्ही सांगून टाकता. मास्तर तुमच्याकडे संशयाने बघतात.

दमणीवाल्याला मात्र वेगळाच प्रश्न पडलाय. “बदकं पाह्याले कोनी येते काय जी? माराले येते!”

त्याचं खरंच आहे. पलीकडच्या काठावर कॅम्पातला कुणी साहेब बार काढतो आणि सगळा तलाव एकदम उठतो. त्याला अडवणारा वन्यजीव कायदा यायला अजून 75 वर्षं आहेत. शिवाय वऱ्हाड म्हणजे मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजाचा. तक्रार करणार कुणाकडे?

“साहेबांना पाखरांचं काय!” मास्तर चिडून म्हणतात. तेव्हा तुम्ही ह्यूमसाहेबांचं नाव काढता. वकीलसाहेबांना ह्यूम ठाऊक आहेत ते काँग्रेस काढणारे म्हणून. ते तर विलायतेला परत गेले. पण हिंदुस्थानातल्या पाखरांचा एवढा अभ्यास दुसऱ्या कुणी केलेला नाही. मोठा ग्रंथ लिहायला जमवलेली त्यांची टिपणं सिमल्यात एका नोकराने रद्दीत विकली. मन उडालं, आणि 1885 मध्ये त्यांनी हजारो पक्ष्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. काँग्रेस निघाली तीही त्याच वर्षी. रद्दीवाल्यामुळे काँग्रेस निघाली असं म्हणायचा मोह होतो, पण माणसं इतक्या सरळ हिशेबाने वागत नाहीत.

याच ह्यूमने 1873 मध्ये एका छोट्या घुबडाचं शास्त्रीय वर्णन केलं. तो रानपिंगळा. 1884 मध्ये खानदेशात त्याचा नमुना मिळाला, आणि त्यानंतर पत्ता नाही.

“मग संपला असेल,” वकीलसाहेब म्हणतात.

तुम्ही उत्तरेकडे, मेळघाटच्या दिशेला बघता आणि गप्प बसता. पुढचं यांना सांगून पटणार नाही : नोव्हेंबर 1997 मध्ये, म्हणजे या अधिवेशनाच्या शंभरीला महिना राहिला असताना, पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट या पक्षी-अभ्यासकांना शहाद्याजवळच्या जंगलात तो सापडेल, तोही दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला. पुढच्या पाहण्यांत मेळघाटातही निघेल. म्हणजे काँग्रेसच्या जनकाने जगाला दाखवलेलं घुबड याच अमरावती जिल्ह्याच्या सागवानात बसलं होतं, आणि मंडपात कुणाला त्याची खबर नव्हती.

आता परत आजच्या काळात या. रानपिंगळा छत्री तलावावर दिसायचा नाही, त्यासाठी मेळघाटच गाठायला हवं. पण तलावाला ना परवाना लागतो ना गाइड. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 नोव्हेंबर सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. तेव्हा जमलं नाही तर डिसेंबरात जा. उजाडायच्या आत पोचा, दोन मित्र घ्या, आणि मोबाइलवरची गाणी गाडीतच बंद करा.