रंग पारखणारी नजर : रुस्ताकची खारीक आणि निवडीचे यंत्र

धान्य, फळे किंवा मिठाईच्या गोळ्या रंगावरून वेगळ्या करण्याचे काम यंत्राकडे गेले ते विसाव्या शतकात. त्यापूर्वी ते सर्वस्वी माणसाच्या डोळ्यांचे आणि बोटांचे होते, आणि ज्या व्यापारात मालाचा भाव रंगावर ठरत असे तेथे ही निवड माल बाजारात येण्याच्या फार आधी, झाडावरच सुरू होई. ओमानमधील रुस्ताक ही जुनी राजधानी आणि ती ज्या प्रदेशात मोडते तो बातिना यांच्या खजूरबागा, तसेच या बागांचा मुंबईशी जोडलेला खारकेचा व्यापार, हे या जुन्या कौशल्याचे एक उत्तम उदाहरण आहे. आज घरातील टेबलावर रंगीत गोळ्या निवडणारे छोटे यंत्र जुळवणाऱ्याला ज्या अडचणी येतात, त्यांतील बऱ्याचशा अडचणी या बागांतील कामकऱ्यांना ठाऊक होत्या.

रुस्ताक हे पश्चिम हजर पर्वतरांगेच्या उत्तर पायथ्याशी वसले आहे. पाऊस अत्यल्प असूनही तेथे दाट बागा उभ्या राहिल्या त्या ‘फलज’ या व्यवस्थेमुळे. डोंगराखालचे पाणी केवळ उताराच्या बळावर, पंपाविना, वस्तीपर्यंत आणणाऱ्या आणि ते भागीदारांत वेळेच्या हिशेबाने वाटून देणाऱ्या कालव्याला फलज म्हणतात. रुस्ताकचा अल्-मुयस्सर हा फलज २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या ओमानमधील पाच फलजांपैकी एक आहे. १६२४ साली नासिर बिन मुर्शिद याची इमाम म्हणून निवड झाली आणि यारुबी घराण्याची सत्ता रुस्ताकमधून सुरू झाली; याच घराण्यातील सैफ बिन सुलतान (कारकीर्द १६९२ ते १७११) याने सतरा फलज दुरुस्त केले आणि बातिनात तीस हजार खजुराची झाडे लावली, असे ओमानी बखरकार सांगतात. आकडा बखरीचा आहे, म्हणून तो थोडा सैल धरावा हे बरे. परंतु ज्या राजाच्या आरमाराने पोर्तुगिजांच्या ताब्यातील साष्टीवर चाल केली, त्याची स्तुती करताना बखरकारांना खजुराची झाडे मोजावीशी वाटली, यातून या पिकाचे राज्याच्या तिजोरीतील स्थान कळते. सैफची कबर रुस्ताकच्या किल्ल्यात आहे, आणि पुढे बुसैदी घराण्याचा संस्थापक अहमद बिन सईद हाही १७८३ साली याच गावी दफन झाला. त्यानंतर सत्तेचे केंद्र मस्कतच्या बंदराकडे सरकले, बागा मात्र जागच्या जागी राहिल्या.

खजुराचे फळ पिकताना क्रमाने रंग बदलते. प्रथम ते हिरवे व तुरट असते. मग जातीप्रमाणे पिवळे किंवा लाल होऊन कडक आणि गोड बनते, या अवस्थेला अरबीत ‘बुस्र’ म्हणतात. पुढे टोकाकडून मऊ व तपकिरी होऊ लागले की ते ‘रुतब’, आणि पूर्ण सुकून टिकाऊ झाले की ‘तमर’. बहुतेक जाती रुतब किंवा तमर होईपर्यंत झाडावर ठेवतात. मबसली ही पिवळी जात मात्र बुस्र अवस्थेतच उतरवून उकळली जाते, आणि या हंगामी कामाला ‘तबसील’ असे नाव आहे. ऐन उन्हाळ्यात, मुख्यतः जुलै महिन्यात, घड कापून खाली आणले जातात, फळे देठापासून सुटी केली जातात, तांब्याच्या मोठ्या कढयांत पंधरा-वीस मिनिटे उकळली जातात आणि नंतर मोकळ्या अंगणात आठवडाभर किंवा त्याहून थोडे अधिक दिवस उन्हात पसरली जातात. भट्टीत खजुराचीच वाळलेली झावळी आणि खोडे जळतात. झाडावर चढणे पुरुषांचे. घडांतून फळे सोडवणे, खाली पडलेली वेचणे आणि खराब फळ बाजूला काढणे यांत बायका व मुलेही असत. असे उकळून वाळवलेले बुस्र हीच महाराष्ट्रात खारीक म्हणून ओळखली जाणारी वस्तू होय.

या सर्व खटाटोपात रंगाला इतके महत्त्व का, याचे कारण कढईत आहे. हिरवट फळ उकळले तरी त्याचा तुरटपणा पुरता जात नाही, तर टोकाला मऊ पडू लागलेले फळ उकळत्या पाण्यात फाटते आणि वाळल्यावर काळपट, चिकट होते. उकळण्याचा हेतूच मुळी पिकण्याची क्रिया नेमक्या क्षणी थांबवणे हा असल्याने तो क्षण ओळखणे हेच खरे कसब ठरते. एकाच घडातील सगळी फळे एका दिवशी त्या रंगाला येत नाहीत, आणि घड तर सबंध कापावा लागतो. म्हणून चढणाऱ्याला घडातील बहुसंख्य फळांकडे पाहून निर्णय घ्यावा लागतो, आणि त्याच्या निर्णयातील उणीव खाली बसलेल्या बायका-मुलांची बोटे भरून काढतात.

तयार माल गोणींतून किनाऱ्यावर जाई आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा जोर ओसरल्यावर गलबतांतून हिंदुस्थानकडे निघे. परतीच्या फेरीत तांदूळ आणि कापड येई. ओमानच्या फर्द या गडद जातीच्या खजुराला एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गिऱ्हाईक मिळाले, पण उकळलेल्या मबसलीचे गिऱ्हाईक मुख्यतः हिंदुस्थानच राहिले. मुंबईत मस्जिद बंदर भागातील एका बाजाराला खारेक बाजार हे नाव पडले, आणि मस्कतमधील कच्छी भाटिया पेढ्यांनी या व्यापारात मोठा वाटा उचलला. मराठी घरांत ही खारीक ओटीत हळकुंड, सुपारी, बदाम यांच्यासोबत बसली, डिंकाच्या लाडवांत कुटून गेली आणि जन्मोत्सवाच्या सुंठवड्यात मिसळली. गोडाचा जिन्नस असूनही ती चैनीची मानली गेली नाही, हे तिच्या स्वस्ताईपेक्षा टिकाऊपणामुळे झाले असावे. अलीकडच्या काळात भारतातील खारकेचा मोठा भाग पाकिस्तानातील सिंधमधून येत असे. २०१९ साली भारताने पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयातशुल्क लावल्यावर भाव चढले, तेव्हा या साध्या जिनसेची भिस्त समुद्रापलीकडच्या आणि सीमेपलीकडच्या बागांवर किती आहे हे सामान्य गिऱ्हाइकालाही जाणवले.

दरम्यान अन्यत्र रंगाची निवड यंत्राकडे गेली होती. प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या विद्युत्-घटाच्या साहाय्याने घेवड्यातील डागी दाणे वेगळे करणारी यंत्रे १९३०च्या दशकात अमेरिकेतील मिशिगन राज्यात तयार झाली. तांदूळ आणि डाळींच्या गिरण्यांतून आज सर्रास दिसणारी ‘सॉर्टेक्स’ यंत्रे त्याच कल्पनेची पुढची पिढी आहे : दाणे धारेने खाली पडतात, कॅमेरा त्यांना हवेतच पाहतो आणि नकोशा दाण्यावर हवेचा झोत सुटतो.

घरी गोळ्या निवडण्यासाठी केलेले यंत्र याच कामाची संथ आवृत्ती असते. वर एक नरसाळे, त्याखाली खाचा असलेली फिरती चकती, चकतीच्या वाटेत प्रकाश आणि रंगसंवेदक, आणि शेवटी एका छोट्या मोटरने डावी-उजवीकडे वळणारी पन्हळ, एवढा त्याचा सांगाडा. हौशी मंडळी वापरतात त्या स्वस्त टीसीएस३२०० संवेदकात प्रकाश टिपणाऱ्या ६४ बारीक पेशी असतात. त्यांतील प्रत्येकी सोळांवर लाल, हिरवी व निळी गाळणी असते आणि उरलेल्या सोळा उघड्या असतात. प्रत्येक गटावर पडलेल्या प्रकाशाच्या प्रमाणात संवेदक जलद किंवा मंद स्पंदने पाठवतो, आणि त्या तीन-चार संख्यांवरून नियंत्रक रंग ठरवतो. करणाऱ्याचा बराचसा वेळ रंग ओळखण्यात जात नाही. गोळ्या एकमेकींना अडकू न देता एकेक सुटी करणे हेच अवघड असते. घडातून फळे सुटी करायला जेथे सबंध कुटुंब बसे, तेथील माणसांना याचे आश्चर्य वाटले नसते.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. तपकिरी हा नारिंगीहून वेगळा रंग वाटतो, पण संवेदकाच्या दृष्टीने तो केवळ अंधारलेला नारिंगी असतो. दिवा मंदावला की नारिंगी गोळी तपकिरींच्या भांड्यात जाऊन पडते, आणि खिडकीतून ऊन आले की तपकिरी गोळी नारिंगींच्या. म्हणून असे यंत्र बंदिस्त खोक्यात, स्वतःच्या दिव्यासह ठेवतात आणि आरंभी त्याला पांढरा कागद दाखवून मोजमापाचा पाया ठरवून देतात. माणसाचा डोळा हे काम शेजारच्या वस्तूंशी तुलना करून आपोआप उरकतो, आणि त्यामुळेच उन्हात पसरलेल्या पिवळ्या खारकांच्या राशीत एक काळपट फळ लांबूनही दिसते, पण तेच फळ एकटे हातावर घेतले तर ते काळपट म्हणावे की गडद पिवळे, हे सांगणे कठीण जाते.

अंगणातील ही दुसरी निवड यंत्राला झेपण्याजोगी आहे, कारण तेथे फळे सुटी, कोरडी आणि एका जागी असतात. पहिली निवड, म्हणजे घड कोणत्या दिवशी कापायचा हे ठरवणे, मात्र अजून झाडावर चढणाऱ्याच्याच हाती आहे. तेथे रंगाखेरीज कढया किती रिकाम्या आहेत, माणसे किती आली आहेत आणि पुढचे आठ दिवस ऊन कसे पडेल, हेही त्याला जमेस धरावे लागते.