जठराचा कॅन्सर: दुर्बीण की मोठा चिरा?

परभणी, जिंतूर, गंगाखेडकडं कुणाचं जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं, की घरात पहिला प्रश्न निघतो: दुर्बिणीनं करायचं की पोट उघडून? उत्तरासाठी जरा मागं जाऊ.

२९ जानेवारी १८८१. व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी ४३ वर्षांच्या टेरेझा हेलर यांच्या जठराचा कॅन्सर झालेला भाग काढला आणि उरलेलं जठर आतड्याला जोडलं. असं यशस्वी झालेलं हे पहिलं ऑपरेशन. बाई त्यातून सावरल्या, पण साधारण चार महिन्यांनी गेल्या. टाके पक्के होते. कॅन्सर मात्र आधीच पसरला होता.

जठराचा कॅन्सर आसपासच्या लिम्फ नोडमध्ये, म्हणजे छोट्या गाठींमध्ये शिरतो. म्हणून पुढं जठरासोबत त्याही काढायची पद्धत पडली. जपानी सर्जननी त्यात मोठं काम केलं. पण त्यासाठी चिरा मोठा लागायचा.

३१ मे १९९० ला मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. भारतातलं हे असं पहिलं ऑपरेशन. पुढच्याच वर्षी जपानच्या सेइगो कितानो यांनी जठराच्या कॅन्सरसाठी दुर्बीण वापरली. तेव्हा शंका आली: छोट्या छिद्रांतून सगळ्या गाठी निघतील का?

उत्तर २०१९ मध्ये छापून आलं. कोरियात पहिल्या स्टेजचे रुग्ण पाच वर्षांनी हयात होते: दुर्बिणीचे ९४.२ टक्के, उघड्या ऑपरेशनचे ९३.३. चीनमध्ये वाढलेल्या कॅन्सरचे १,०५६ रुग्ण घेतले. तीन वर्षं कॅन्सर न उलटलेले ७६.५ आणि ७७.८ टक्के. म्हणजे बरोबरीच! दुर्बिणीत जखमेचा त्रास कमी, पण दोन्हीकडं सर्जन मुरलेले होते, हे विसरू नका.

तेव्हा संभाजीनगरला जा, नाहीतर देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईला टाटात. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. स्टेज कोणती? अशी ऑपरेशनं तुम्ही किती केलीत? गाठी किती काढणार? किमान १६ गाठी तपासाव्यात, असा आजचा दंडक आहे. आणि दुर्बिणीनं सुरू केलेलं ऑपरेशन मध्येच पोट उघडून करावं लागलं, तर घाबरू नका. कॅन्सर पुरता निघावा म्हणूनही तसं करतात.