धरणावर गळाची सहल : होडीत बसण्याआधी हे वाचा

शहापूर / मुरबाड : उन्हाळा लागला की सुट्टीच्या दिवशी मुंबई-ठाण्याच्या गाड्या धरणाच्या कडेला थांबतात. डिकीतून काठ्या निघतात आणि गावातल्या पोराला विचारणा होते, "दादा, मासे कुठं लागतात? होडी मिळेल का?" पोरगा होडी काढतो, दिवसाचे चार पैसे मिळतात. पण मासेमारीचा ठेका कुणाचा, होडी उलटली तर जबाबदार कोण, हे त्या वेळी कुणी विचारत नाही. म्हणून गळाची सहल करणारे आणि करवणारे, दोघांच्याही कामाची माहिती इथे एकत्र दिली आहे.

गळाची सहल म्हणजे काय?

जाणकार माणूस, होडी आणि गळाचं सामान दिवसभरासाठी ठरवून घ्यायचं आणि मोठ्या तलावात मासे धरायला जायचं, एवढाच याचा अर्थ. परदेशात हा रीतसर धंदा आहे. अमेरिकेतल्या ईरी सरोवरावर पैसे घेऊन माणसं नेणाऱ्या बोटीच्या चालकाला तिथल्या तटरक्षक दलाचा परवाना लागतो. एका माणसाने दिवसाला किती मासे धरायचे, त्यालाही मर्यादा असते.

आपल्याकडे याची सगळ्यात जुनी ओळख मुंबईच्या पवई तलावाची. १८९१ साली पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेल्या या तलावाचं पाणी पुढे पिण्यासारखं राहिलं नाही, पण गळाचे शौकीन तिथे टिकून राहिले. महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन ही संस्था तिथेच आहे. त्या तलावात मगरी आहेत, त्यामुळे पाण्यात उतरून गळ टाकायचा विचार तिथे कुणी करू नये.

धरणातला मासा कुणाचा?

"पाणी सरकारचं, मासा देवाचा" असं आपण सहज म्हणतो. धरणात मात्र तसं नसतं. रोहू, कटला आणि मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. म्हणून धरणात त्यांचं बीज सोडावं लागतं. मत्स्यबीज केंद्रात जिऱ्यापासून बोटुकली तयार होते. ती विकत आणून पाण्यात सोडली, की वर्षभराने मासा विकण्याजोगा होतो.

धरणातली मासेमारी शासन ठेक्याने देतं, बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेला. ठेक्याचे आणि बोटुकलीचे पैसे संस्था भरते. म्हणजे पाहुण्याच्या गळाला लागलेला पाच किलोचा कटला हा संस्थेच्या सभासदांचा माल असतो. शेतातली काकडी मालकाला न विचारता तोडावी, तसंच हे. त्यामुळे पहिली परवानगी संस्थेची घ्या आणि पैसे दिलेत तर पावती मागा.

आपल्या भागातली पाणी

भातसा (शहापूर) : ८८ मीटर उंचीचं हे धरण जलसंपदा विभागाचं आहे. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांतला जवळपास अर्धा साठा एकट्या भातसाचा असतो. भिंत, दरवाजे आणि पाणी उपसण्याच्या जागेजवळ फिरकू नका. धरणाच्या खालच्या बाजूला नदीपात्रात बसणं सगळ्यात धोक्याचं. दरवाजे उघडले की पाणी चढायला वेळ लागत नाही.

बारवी (बदलापूर-मुरबाड) : हे धरण एमआयडीसीचं आहे. कारखान्यांना आणि आपल्या जिल्ह्यातल्या शहरांना इथून पाणी जातं. इथे विचारणा एमआयडीसीकडे करावी लागते.

तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा : ही धरणं मुंबई महापालिकेची. तानसा तर अभयारण्यात येतं. तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. या तलावांवर गळाची सहल ठरवूच नका.

वळवण (लोणावळा) : हे टाटा पॉवरचं धरण. महसीर माशाचं बीज तयार करण्याचं काम तिथे १९७० च्या दशकापासून चालू आहे. महसीर हा गळाच्या शौकिनांचा सगळ्यात मानाचा मासा. १९४६ साली म्हैसूरकडच्या कबिनी नदीत गळाला लागलेला महसीर १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा होता. आज दक्षिणेतला तो कुबडा महसीर नाहीसा व्हायच्या बेतात आहे. म्हणून महसीर लागला तर त्याला पाण्यातच सोडवून जाऊ द्यावं.

वाटाड्या कोण असावा?

चांगला वाटाड्या म्हणजे नुसता होडी वल्हवणारा नव्हे. धरणाच्या पाण्याखाली जुनी शेतं, बांध, झाडांचे बुंधे आणि मूळ नदीचं पात्र असतं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मासे त्या जुन्या पात्रात जमतात. गळ अडकतो तो बुंध्यांत. नदी कुठून वाहायची, कोंड कुठं होती, कुणाचा बांध कुठं होता, हे ज्यांची जमीन धरणात गेली त्यांनाच ठाऊक असतं. आपल्याकडचे कातकरी, ठाकूर आणि कोळी बांधव हे पाणी पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. शहरातला शौकीन महागडी रीळ आणेल, पण ही माहिती कोणत्याच दुकानात मिळत नाही. तिचं मोल होडीच्या भाड्यात धरलं पाहिजे.

दिवस कसा जातो?

उजाडायच्या आधी काठावर पोचायचं. ऊन चढेपर्यंत आणि पुन्हा उतरतीला मासा जास्त खातो. भर दुपारी सावली धरलेली बरी. सामान फार लागत नाही : काठी किंवा रीळ, तंगूस, गळ, शिसं, बुच आणि मासा उचलायला झोळी. तंगूस तुटला तर तुकडा पाण्यात टाकू नका, पक्ष्यांच्या आणि गुरांच्या पायात अडकतो.

कोणता मासा कुठं मिळेल हे त्याच्या तोंडावरून कळतं. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात फिरतो. मृगळ तळाशी चरतो. गवत्या कडेच्या हिरवळीवर येतो. या माशांना कणकेचा गोळा, पाव किंवा शेंगदाण्याची पेंड चालते. पवईचे जुने लोक मुंग्यांची अंडीही वापरतात. मरळ शिकारी मासा आहे. तो कडेच्या उथळ, झाडोऱ्याच्या पाण्यात दबा धरून बसतो आणि त्याला गांडूळ किंवा छोटा मासा लागतो. चिलापी बाहेरून आलेली, झपाट्याने वाढणारी जात आहे. ती लागली तर खायला नेण्यात हरकत नाही.

पावसाळ्यात थांबा

पहिल्या पावसात मासे ओढ्याने वर चढतात, ती आपली वलगण. वलगणीचे मासे खाण्याची चव सगळ्यांना माहीत आहे, पण त्या वेळी माशांच्या पोटात अंडी असतात. एक मादी गेली की तिच्यासोबत हजारो अंडी जातात. मरळ तर पिलांची राखण करते. पाण्यावर लालसर पिलांचा घोळका दिसला की खाली आईबाप असतात. त्यांना धरलं की ती सगळी पिलं दुसऱ्या माशांच्या पोटात जातात.

सुरुंग, विषारी पावडर किंवा विजेचा शॉक यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. स्फोटक किंवा विष वापरून मासे मारणं हा महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम १९६० नुसार गुन्हा आहे. शिवाय ते पाणी आपली गुरं पितात. पावसाळ्यात धरण आणि धबधब्यांच्या परिसरात प्रशासनाचे मनाईहुकूमही निघतात. ते तपासल्याशिवाय पाहुण्यांना होकार देऊ नका.

होडीचा हिशेब

२१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. त्याच वर्षी १८ जानेवारीला बडोद्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. मोठ्या धरणात उन्हाळ्यातल्या दुपारनंतर वारा अचानक सुटतो आणि लाटा उठतात. पोहता येतं म्हणून जीव वाचेलच असं नाही.

इंजिनावर चालणाऱ्या होडीला अंतर्देशीय जहाज कायदा २०२१ नुसार नोंदणी, तपासणी आणि विमा लागतो. वल्ह्याची होडी असली तरी माणशी एक लाइफ जॅकेट हवंच, आणि ते अंगात घातलेलं हवं, बुडाखाली ठेवलेलं नको. जॅकेट घालायला नकार देणाऱ्या गिऱ्हाइकाला होडीत घेऊ नका. दारू प्यायलेल्यालाही नाही. त्या दिवसाचं भाडं बुडालं तरी चालेल.

गावाला यातून काय मिळेल?

एकट्यादुकट्याने चोरून होडी काढण्यापेक्षा संस्थेनेच ठराव करून गळाची सहल सुरू केली तर पैसा गावात राहतो. होडी, वाटाड्या, आमिष, जेवण आणि माशाची पावती असा वेगळा दर आधीच लिहून ठेवावा, म्हणजे संध्याकाळी वाद होत नाहीत. किती मासे न्यायचे तेही सकाळीच ठरवावं. स्वतःचं शेततळं असेल तर त्यात बोटुकली सोडून पाहुण्यांना काठावरून गळ टाकू देणं सगळ्यात सोपं. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे. नोंदणीची चौकशी पर्यटन विभागाकडे करता येते. शेततळ्याला कुंपण, दोर आणि तरंगणारी ट्यूब मात्र हवी. प्लास्टिक कागदावरून पाय घसरला की वर चढता येत नाही.

निघण्यापूर्वी तपासा

१. धरण कुणाचं? जलसंपदा, एमआयडीसी, महापालिका की वनखात्याची हद्द?
२. मासेमारीचा ठेका कुणाकडे? त्यांची परवानगी आणि पावती घेतली का? ठेका कुणाचा ते ठाण्याच्या सहाय्यक आयुक्त, मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारता येतं.
३. हवामानाचा अंदाज पाहिला का? मनाईहुकूम लागू नाही ना?
४. माणसं मोजली का? तितकी जॅकेटं आहेत का?
५. कुठं जातोय आणि कधी परतणार, हे काठावरच्या एका माणसाला सांगितलं का?
६. पाण्यात फोनला रेंज जाते. म्हणून काठावरच्या माणसाकडे ११२ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हे नंबर लिहून ठेवा.