आजीच्या पायाचा नंबर

दुकानातल्या मुलाने आजीचा पाय पाटीवर ठेवून घेतला, पट्टी सरकवली आणि म्हणाला, "सहा." सहा नंबरचा बूट आणला. बोटं आत गेली, पण चवड्यापाशी पाय अडकला. सातचा आणला, तो चवड्याला बसला पण टाचेत ढिला पडला. आठच्या बुटात आजी दोन पावलं चालली तर बूट मागे राहिला आणि पाय पुढे आला. मुलगा चांगला होता, वैतागला नाही. फक्त म्हणाला, "आजींचा पाय पसरलाय हो."

आजी म्हणाली, "पसरला न्हाई बाबा. वापरलाय."

आजी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका गावात तिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या रानात मजुरी केली. बूट असा कधी घातलाच नाही. घरातल्या भिंतीवर बुद्धाचा फोटो आहे, त्याखाली रोज अगरबत्ती लागते, पण अजिंठा-वेरूळ अजून पाहिलेलं नव्हतं. मला पुण्यात नोकरी लागल्यावर पहिली सहल तिच्यासोबत करायची असं मी ठरवलं. हॉटेलचं बुकिंग झालं, गाडी ठरली. (तुम्ही जाणार असाल तर सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ बंद असतं, हे आधी बघून घ्या.) उरला होता फक्त बुटांचा प्रश्न. तो किरकोळ आहे असं मला वाटलं होतं.

आपण ज्या नंबराने बूट मागतो तो मूळचा इंग्लंडचा. एका नंबरापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, आणि ते ठरलं जवाच्या दाण्याच्या लांबीवरून. दाण्याला दाणा लावून लांबी मोजायची. रुंदीचं काय? तिकडच्या चांगल्या दुकानांत रुंदीची वेगळी मापं असतात, आपल्याकडे दुकानात सहसा फक्त लांबी विचारतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने अलीकडे देशभर फिरून एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मापले. त्यात भारतीयांचे पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद असल्याचं दिसलं. आता 'भा' नावाची भारतीय मापपद्धत येऊ घातली आहे. म्हणजे इतकी वर्षं बूट चावतो तेव्हा आपण आपल्या पायाला दोष देत होतो, आणि मुळात साचाच दुसऱ्याच्या पायाचा होता.

शेवटी आजीला पुरुषांच्या विभागातला रुंद चवड्याचा, पट्ट्याचा बूट बसला. वेल्क्रोचा. रंग राखाडी. ती म्हणाली, "हे तर कंपाउंडरचं दिसतंय." पण चालून बघितल्यावर गप्प बसली. माझे बूट मी त्याच रात्री मोबाइलवरून मागवले, फोटो बघून. त्याबद्दल पुढे सांगते.

जाण्याआधी काहीतरी वाचून जावं म्हणून मी घरातला महावग्ग काढला. विनयपिटकातला हा ग्रंथ, म्हणजे भिक्खूंनी कसं राहायचं याचे नियम. मला वाटलं होतं, विहारांबद्दल काही सापडेल. सापडलं ते पाचवं प्रकरण, 'चम्मक्खंधक'. चम्म म्हणजे चामडं. हे सबंध प्रकरण मुख्यतः पायात काय घालायचं यावर आहे! दोन हजार वर्षांहून जुनी बुटांची चर्चा, आणि तीही रोज मैलोन् मैल चालणाऱ्या माणसांची.

सुरुवात होते सोण कोळिविस नावाच्या तरुणापासून. चंपा नगरीतल्या गडगंज श्रीमंत घरातला मुलगा, इतका लाडाचा की त्याच्या तळपायांवर केस उगवलेले. मगधाचा राजा बिंबिसार याला ते पाय बघायची उत्सुकता होती, म्हणून त्याने निमित्त काढून सोणला बोलावून घेतलं. पुढे हाच सोण भिक्खू झाला आणि ध्यान करत येरझाऱ्या घालू लागला. अनवाणी, इतक्या जिद्दीने की पाय फाटले आणि चालायची वाट रक्ताने भरली. बुद्धाने ती वाट पाहिली आणि सोणला वीणेच्या तारांचा प्रसिद्ध दाखला दिला: फार ताणलेली वाजत नाही, फार सैलही वाजत नाही. हा दाखला शाळेच्या पुस्तकांतही असतो. पण त्याच्या पुढचं सहसा कुणी सांगत नाही. बुद्ध त्याला म्हणतो, तू नाजूक आहेस, तुला एकपदरी तळाची चप्पल घालायची परवानगी देतो. आणि सोण नाही म्हणतो. ऐंशी गाड्या सोनं सोडून आलो, आता लोक म्हणतील की सोण चपलेत अडकला. सगळ्या संघाला परवानगी मिळणार असेल तर मी घालीन, एकट्याला मिळणार असेल तर नको. तेव्हा परवानगी सगळ्यांना मिळते.

मी हे दोनदा वाचलं. आरामाची वस्तू एकाला मिळते आहे, आणि तो म्हणतो आहे सगळ्यांना द्या.

पुढे प्रकरण अगदी घरगुती होत जातं. काही भिक्खू पहाटे लाकडी खडावा घालून खडखड करत फिरतात, मोठ्याने गप्पा मारतात, त्यांच्या पायाखाली किडे चिरडतात आणि बाकीच्यांचं ध्यान मोडतं. खडावा बंद. भडक रंगांच्या चपला बंद, मोरपिसं शिवलेल्या बंद. (ही बंदी घालावी लागली याचा अर्थ कुणीतरी घालून आलं होतं.) आवारात चप्पल नको असा नियम होतो, पण अंधारात खुंट आणि काटे पायात जातात म्हणून तो बदलतो आणि चप्पल, दिवा आणि काठी वापरायची मोकळीक मिळते. एक भिक्खू गाईच्या वासराच्या ठिपकेदार कातड्यावर लोभावतो. उपासक त्याच्यासाठी ते वासरू मारतो, आणि गाय त्या भिक्खूच्या मागे मागे विहारापर्यंत चालत येते. तिथे कातड्यांवर बंदी येते. ती गाय डोक्यातून जात नाही.

आणखी एक छोटी गोष्ट राजगृहातली. बुद्धामागून चालणारा एक भिक्खू लंगडत असतो. पाय फाटलेले. समोरून येणारा उपासक आपली जाड, अनेकपदरी चप्पल काढून त्याला देऊ करतो. भिक्खू म्हणतो, नको, जाड तळ आम्हाला मना आहे. मग नियम होतो: अनेकपदरी चप्पल कुणी वापरून काढलेली असेल तर चालेल, नवी नको. नियमामागचं कारण साधेपणाचं असणार. पण चालणाऱ्या माणसाचं शहाणपणही त्यात आहेच, कारण वापरलेली चप्पल चावत नाही.

मग येतो दुसरा सोण, कुटिकण्ण. हा अवंतीचा, म्हणजे माळव्याकडचा, महाकात्यायनाचा शिष्य. त्याच्या भागात भिक्खूच इतके थोडे की दीक्षेसाठी लागणारे दहा जण गोळा करायला तीन वर्षं गेली. तो चालत श्रावस्तीला जातो आणि गुरूच्या वतीने पाच मागण्या मांडतो. त्यातली एक चपलेची आहे: आमच्या अवंती-दक्षिणापथात जमीन वरून काळी आहे, खरबरीत आहे, 'गोकंटकां'नी भरलेली आहे, तिथे एकपदरी तळ पुरत नाही. बुद्ध मान्य करतो. मध्यदेशाबाहेरच्या सगळ्या प्रदेशांत अनेकपदरी चपला चालतील.

काळी जमीन! माळवा काय, मराठवाडा काय, एकाच लाव्हाच्या थरांवर बसले आहेत आणि त्याच काळ्या दगडाची ही माती. पावसात ती पायाला अशी धरते की पाऊल उचललं तर शेरभर चिखल सोबत येतो. उन्हाळ्यात भेगाळते, आणि खुरांनी उठलेली ढेकळं वाळून दगड होतात. जुने टीकाकार 'गोकंटक'चा अर्थ ढेकळांचाच लावतात. पण संस्कृतात गोकंटक हे सराट्याचंही नाव आहे. आजीला विचारलं तर ती म्हणाली, "सराटाच असंल. ढेकूळ काय, पाय टाकला की फुटतं. सराटा मोडून आत ऱ्हातो." मी टीकाकारांपेक्षा आजीच्या बाजूने आहे.

अजिंठ्यातले भिक्खू नेमका हाच पाली विनय पाळत होते असं म्हणायची घाई मी करणार नाही. बौद्धांच्या वेगवेगळ्या शाखांचे विनय वेगवेगळे होते. पण कोटिकर्णाची कथा संस्कृत 'दिव्यावदाना'तही आहे, तीही अगदी पहिली. म्हणजे काळ्या रानातून चालत गेलेला हा माणूस बऱ्याच जणांनी लक्षात ठेवला होता.

आम्ही आधी दौलताबादला थांबलो. आजी किल्ल्यावर चढणार नव्हती. ती दरवाजापाशी सावलीत बसली आणि मी तिला १९३४ सालची गोष्ट सांगितली. त्या वर्षी डॉ. आंबेडकर आणि चळवळीतले सहकारी, जवळपास तीस जण, सहलीला निघाले होते. आमच्यासारखेच. वेरूळची बौद्ध लेणी बघायची हे पक्कं होतं, वाटेत दौलताबादचा किल्ला. रस्ता धुळीचा. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्याचं टाकं होतं, काहींनी त्यातल्या पाण्याने तोंड आणि पाय धुतले. तेवढ्यात एक म्हातारे मुसलमान गृहस्थ ओरडत आले की यांनी टाकं बाटवलं. जमाव जमला, शिवीगाळ झाली, हाणामारीपर्यंत आलं. आंबेडकरांनी त्यांना विचारलं, तुमचा धर्म हे शिकवतो का? अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही अडवाल का? मग जरा शांतता झाली. किल्ला बघायची परवानगी मिळाली, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. लक्ष ठेवायला सोबत हत्यारबंद शिपाई दिला. हे सगळं त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवलं आहे. हिंदूंसाठी जो अस्पृश्य, तो इतरांसाठीही अस्पृश्यच, हे त्यांना त्यातून दाखवायचं होतं.

आजीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमचा बाप वेशीपाशी आला की चप्पल काढायचा. हातात बी न्हाई, काखेत. वाडा वलांडला की मंग घालायची."

"कुणी सांगायचं?"

"कुणी कशाला सांगतंय. ठरलेलंच व्हतं."

मी कधी विचारलं नव्हतं, त्यामुळे तिने कधी सांगितलं नव्हतं. तिच्या बापाची ती चप्पल त्याने स्वतः शिवलेली नव्हती, चांभारवाड्यातून केलेली होती, वर्षाच्या धान्यावर. करणाऱ्यालाही वेशीच्या आत ती घालता येत नव्हती. दुकानात बुटाचा खोका उघडला तेव्हा आजीने बूट घालण्याआधी दाराकडे बघितलं होतं. मला वाटलं, पैशांचा विचार करते आहे.

अजिंठ्याला दुसऱ्या दिवशी गेलो. पायऱ्यांपाशी डोलीवाले उभे होते. चौघे जण खुर्ची खांद्यावर घेऊन वर नेतात. चौघांच्या पायांत साध्या चपला. आजीने त्यांच्या पायांकडे बघितलं आणि "मी चालते" म्हणाली. वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालासारखा कडा आहे, त्यात ओळीने लेणी. चित्रं असलेल्या लेण्यांत बूट बाहेर काढावे लागतात. तर बूट घेणार असाल तर हे ऐका: लेस नको, वेल्क्रो किंवा नुसता पाय सरकवता येईल असा घ्या, कारण तासाभरात चार-पाच वेळा काढघाल होते. संध्याकाळी खरेदीला जा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. बूट वाकवून बघा, तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, मधोमध नाही. आणि निघण्याआधी दोन आठवडे घरात, जिन्यावर, भाजी आणायला जाताना वापरून घ्या.

मी यातलं काहीही केलं नव्हतं. बूट निघायच्या आदल्या दिवशी आले. फोटोत झकास होते, पायातही झकास दिसत होते. पहिल्या लेण्यापर्यंत टाच चुरचुरायला लागली.

आत थंड होतं. आजी अनवाणी, आरामात. टाकीचे घाव अजून दिसणाऱ्या त्या फरशीवर तिची पावलं सपाट, पूर्ण टेकत होती. पद्मपाणीसमोर ती हात जोडून बराच वेळ उभी राहिली. मग मान वर करून छत बघितलं. तिथे परदेशी दिसणारी काही माणसं रंगवली आहेत, टोप्या आणि अंगरखे घातलेली. "ह्यांनी मोजे घातलेत की गं," आजी म्हणाली. खरंच, पट्टेरी मोजे. इतक्या लोकांनी ते छत बघितलं असेल, पायांकडे आधी किती जणांनी बघितलं असेल कोण जाणे.

सतराव्या लेण्यापर्यंत आजी स्वतःच चर्रकन पट्टा उघडून बूट काढायला आणि घालायला शिकली होती. दुसऱ्या बायकांच्या बुटांकडे बघून "लेस हाय व्हय?" असं विचारतही होती. मी लंगडत होते. टाचेवरचा फोड फुटला होता आणि मोज्याला रक्त लागलं होतं.

तिने मला कठड्यावर बसवलं, पिशवीतून प्लास्टिकची गुंडाळी काढली आणि सोडली. आत तिची जुनी चप्पल, रोजची. टायरचा तळ, वर दोनदा शिवलेला अंगठा, आतला पदर पायाच्या आकाराने खोल गेलेला.

"ही कशाला आणलीस?"

"असू द्यावं म्हनलं. बूट न्हाई जमला तर."

मला ती रुंद होती. चावत मात्र कुठेच नव्हती. माझे नवे बूट पिशवीत गेले आणि आम्ही शेवटच्या लेण्यापर्यंत चालत गेलो. आजी पुढे, राखाडी बुटांत.