अधिकृत व्याख्या मिळायला दोनशे वर्षे लागलेला बंध

एखाद्या शोधाची तारीख कोणती मानावी? गोष्ट प्रथम दिसली तेव्हाची, की तिची अधिकृत व्याख्या झाली तेव्हाची? हॅलोजन बंधाच्या इतिहासात या दोहोंत दोन शतकांचे अंतर आहे.

१८११ मध्ये नेपोलियनच्या तोफांसाठी सोरा तयार करणाऱ्या बर्नार्ड कुर्त्वा यांना समुद्रशैवालाच्या राखेतून आयोडीन सापडले. १८१४ मध्ये (पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई होती) कोलँ यांनी कोरडे आयोडीन आणि अमोनिया वायू एकत्र आणले. धातूसारखी चमक असलेला द्रव मिळाला. पण हे रेणू परस्परांना धरतात कशाने? दोन्हीकडे इलेक्ट्रॉनांची श्रीमंती, म्हणजे एकमेकांना दूर लोटायला हवे.

नॉर्वेच्या ऑड हासेल यांनी १९५४ मध्ये ब्रोमीन आणि डायॉक्सेनच्या स्फटिकात ऑक्सिजन व ब्रोमीन जवळजवळ सरळ रेषेत उभे असलेले दाखवले. १९६९ चे नोबेल त्यांना वेगळ्याच कामासाठी मिळाले; व्याख्यान मात्र त्यांनी याच विषयावर दिले! बंधात अडकलेल्या हॅलोजनचा इलेक्ट्रॉनमेघ गोल नसतो. कडेला तो दाट, टोकाशी विरळ. तेथे किंचित धनभार उघडा पडतो आणि ऑक्सिजन तिकडे ओढला जातो.

तरीही शंका उरल्या. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेले गौतम देसिराजू यांनी १९८९ मध्ये पार्थसारथी यांच्यासह थेट विचारले: स्फटिकांत हॅलोजन अणू इतके जवळ येतात ते आकर्षणामुळे, की केवळ बेढब अणूंच्या दाटीमुळे?

औषधे मात्र थांबली नव्हती. डोळ्यांच्या नागिणीवरील आयडॉक्स्युरिडीन १९५९ मध्येच तयार झाले होते. थायमिनमधील मिथिल गटाच्या जागी आयोडीन बसवलेला हा तोतया विषाणूचा डीएनए निमूट स्वीकारतो, कारण आकारमान जवळपास सारखे. तेथे हॅलोजनचे काम जागा भरण्याचे. बंध जोडण्याचे नव्हे.

तो बंध जैविक रेणूंतही असल्याचे २००४ मध्ये पी. शिंग हो आणि सहकाऱ्यांनी प्रथिने व न्यूक्लिइक आम्लांच्या स्फटिकरचना चाळून दाखवले. २००७ मध्ये त्यांनी डीएनएच्या चार धाग्यांच्या चौफुलीवर हायड्रोजन बंध आणि ब्रोमीनचा हॅलोजन बंध यांची झुंजच लावली. चौफुली ब्रोमीनच्या बाजूने वळली. तेव्हापासून औषध रचताना क्लोरीन वा ब्रोमीन प्रथिनातील ऑक्सिजनकडे रोखलेला आहे का, हेही मुद्दाम पाहिले जाते.

अधिकृत व्याख्या २०१३ मध्ये आली. तिच्या लेखकांत पहिले नाव देसिराजूंचे, दुसरे हो यांचे. यादी वर्णक्रमाने आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.