रहिमतपूरच्या फळीवरचा 'जहाजी' कंदील

रहिमतपुरातून समुद्र गाठायचा तर अख्खा सह्याद्री उतरावा लागतो. गावाचं पाणी म्हणजे कमंडलू नदी, विहिरी आणि पाट. तरी इथल्याच एका नव्या दिवाणखान्यात 'जुन्या बंदराच्या' थाटात सजवलेली फळी पाहिली. मुद्दाम खरवडलेला पांढरा-निळा रंग, काथ्याच्या दोरीचं वेटोळं, दोन शंख, शिडाची लाकडी होडी आणि मधोमध, मानाच्या जागी, गंजलेला कंदील. सगळा माल पुण्याच्या जुन्या बाजारातला, रविवारी घासाघीस करून आणलेला. कंदील जहाजावरचा आहे, असं विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलेलं. मी तो खिडकीशी नेला. पत्र्यावर उठवलेली अक्षरं झिजली होती, पण वाचता आली: प्रभाकर.

प्रभाकर कंदील ओगलेवाडीचा, आणि कराडचं रेल्वे स्टेशन ओगलेवाडीतच आहे. रहिमतपूरहून मिरजेकडे निघालं की तारगाव, मसूर, शिरवडे आणि मग कराड. चार स्टेशनांवर जन्मलेला हा दिवा पुण्याच्या बाजारात गेला, तिथे खलाशी झाला आणि परत माहेरच्या जिल्ह्यात येऊन समुद्राच्या गोष्टी सांगू लागला! मला या कंदिलाचा नाद लागला तो इथून.

दिव्याचा जुना इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे: पणती, समई, मग रॉकेल. अमेरिकेतल्या जॉन आयर्विनने १८६८च्या सुमारास कंदिलाच्या दोन्ही बाजूंना नळ्या बसवून ज्योतीला हवा पुरवण्याची युक्ती काढली आणि डिट्झ कंपनीने ती जगभर विकली. इकडे अंताजी दामोदर काळ्यांनी लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला, आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मनी-ऑस्ट्रियाची काच यायची थांबली. १९१६ साली ओगले बंधूंनी कराडजवळ भट्टी पेटवली. आधी काच, मग कंदील. एवढं पुरे.

आता नाव. 'प्रभाकर' का? सूर्याचं नाव दिव्याला द्यावं यात नवल काही नाही, आणि बहुतेक लोक तेच सांगतात. पण कारखान्यातल्या एका भावाचं पूर्ण नाव पाहा: गुरुनाथ प्रभाकर ओगले. मधलं नाव वडिलांचं. माझ्या मते मुलांनी वडिलांचं नाव मालाला दिलं आणि सूर्य त्यात आयताच मिळाला. सूर्यवाल्यांचं म्हणणं असं की वडिलांच्या नावावर धंदा करायचा असता तर कारखान्यालाच ते दिलं असतं. हा मुद्दा मला लंगडा वाटतो. कारखान्याला आडनाव आणि मालाला वडिलांचं नाव, ही वाटणी आपल्याकडे अगदी सरळ बसते. शिवाय सूर्याला आपल्याकडे नावांची वाण नाही. रवी, भास्कर, दिनकर, आदित्य सोडून नेमकं घरातलंच नाव सापडावं, हा योगायोग मी मानत नाही.

खरा वाद पुढे आहे. हा कंदील पाण्याकाठचा ठरला कसा? जहाजवाद्यांचा पुरावा इंग्रजी नावात आहे: हरिकेन लँटर्न. हरिकेन म्हणजे समुद्री वादळ, म्हणून दिवा जहाजाचा. पण ते नाव वाऱ्यात न विझण्याची फुशारकी आहे, पत्ता नव्हे. डिट्झचे कंदील गोठ्यांत, गाड्यांवर आणि रेल्वेतही तितकेच खपले. जहाजाच्या बाजूचा दिवा वेगळाच असतो. ब्रिटिश आगबोटींना १८४८ साली डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा दिवा सक्तीचा झाला. असा दिवा समोरून आणि आपल्याच बाजूने, ११२.५ अंशांच्या कोनात, दिसावा लागतो. समोरच्याला आपण कुठल्या दिशेने येतोय ते कळायचं असतं. म्हणून त्याची भिंग-काच एकाच अंगाला, आणि बाकी जाड पितळ किंवा तांबं. चारी दिशांना उजेड सांडणारा प्रभाकर तिथे टांगला तर समोरच्या जहाजाला काहीच उमगणार नाही.

दुसरा पक्ष रेल्वेचा. या मार्गावर १८८०च्या दशकात गाडी आली, तेव्हा हे दिवे स्टेशनांतून घराघरांत पोचले असं सांगतात. पण गार्डाच्या हातातला दिवा लाल-हिरव्या काचा फिरवणारा, त्याचा तोंडवळाच निराळा. तिसरा पक्ष बैलगाडीचा. गाडीच्या साट्याखाली कंदील झुलत असे, हे खरं. मात्र त्यात पाणी कुठे येतं?

माझं उत्तर 'दारं धरणं' हे आहे. विहिरीचं नाहीतर पाटाचं पाणी शेतात सोडताना एक वाफा भरला की दारं मोडायचं आणि पुढच्याला पाणी वळवायचं, हे काम या भागात रात्रीही चालतं. पाळी रात्रीची आली तर पाणी सकाळपर्यंत थांबत नाही. एक हात खोऱ्यावर, दुसऱ्यात कंदील, पाय चिखलात, आणि सरींतून सरपटणाऱ्या जिवाची धास्ती. टेंभा अशा वेळी वाऱ्यापुढे टिकत नाही आणि पाणी शिंपडलं की फुसकन विझतो. नळीचा कंदील टिकतो, बांधावर ठेवता येतो, खोऱ्याच्या दांड्याला अडकवता येतो. हळद-आल्याच्या मुलखात त्याचा हा उपयोग जहाजापेक्षा कितीतरी भरीव आहे. म्हणजे फळीवर ठेवणारा अजाणता बरोबर निघाला: दिवा पाण्याकाठचाच, फक्त पाणी गोडं.

रहिमतपूरला पाण्याचा शौक तसा जुनाच. आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाची म्हणून दाखवतात त्या कबरीजवळ हत्तीकडून पाणी चढवायचा उंच मनोरा आहे. त्याचं पाणी मशिदीच्या कारंज्यासाठी असे. खुद्द 'कंदील' हा शब्द अशाच आदिलशाही वळणाने मराठीत शिरला असावा, असा माझा अंदाज. तो अरबीतून आला, अरबीत ग्रीकमधून आणि ग्रीकमध्ये लॅटिनच्या 'कँडेला'वरून. भूमध्य समुद्र खऱ्या अर्थाने ओलांडला तो या शब्दाने, फळीवरच्या पत्र्याने नव्हे.

तेव्हा फळी बंदराचीच करायची असेल तर मुंबईत रे रोडला दारूखान्यात जा. तिथे मोडीत काढलेल्या जहाजांचा माल मिळतो. दिवा हातात घ्या: जड असेल, काच धारीदार आणि एकाच अंगाला असेल, तर पैसे मोजा. आणि प्रभाकर मिळाला तर त्यात बॅटरीचा बल्ब खुपसू नका. वात कातरा, काच राखेने पुसा, टाकीत रॉकेल घाला, आणि वीज गेली की लावा. शंख बाजूला सरकवून तिथे खोरं टेकवलं तरी माझी हरकत नाही. दिवाणखान्याच्या मालकिणीने मात्र ही सूचना साफ धुडकावली.